मेल्या चुन्याचा फेस

चुन्याच्या शेठने मला फसवले आणि बोल लागला माझ्या खाराला.

महाराजांनी आजवा तलावाचे पाणी नळाने गावात आणले होते, तरी बडोद्यातली जुनी घरे प्यायला अंगणाखालच्या टाक्यातले पावसाचे पाणीच पसंत करीत. त्या टाक्यांना गिलावा करणे हे माझे काम. विटांची बारीक पूड, सज्जीखार आणि चुना, हे मिश्रण मी चुकत चुकत स्वतः बसवले. कोणी शिकवले नाही. खाराने पूड विरघळते, तिची लापशी होते. पण ती आळून दगड व्हायला चुना लागतो, आणि तो जिवंत, म्हणजे ताजा भाजलेला लागतो.

शेठशी मी भावात कधी हरलो नाही. हरलो मालात. त्याने चुन्याच्या भुकटीवर लिंबू पिळले, फसफसून फेस आला. "जुओ मिस्त्री, जीवतो माल छे," म्हणाला. मीही मान डोलावली.

तो चुना एका पागेदार सरदारांच्या टाक्याला गेला. पाणी भरताच गिलाव्याचा चिखल झाला. पागेदार ओट्यावरून आळीला ऐकवत म्हणाले, "हा मिस्त्री भिंतीला साबण लावतो."

शेजारी शेठ बसलेला. "मी तर सांगत होतो, साहेब. खार सगळं खातो."

तळपायाची आग मस्तकात गेली. भट्टीवरून कळीच्या चुन्याचे ताजे खडे आणून मी स्वतः पाणी टाकून विझवले, लिंबू पिळले. फेस नाही. मग न भाजलेल्या चुनखडीवर पिळले. ती फसफसली, अगदी शेठच्या मालासारखी. म्हणजे त्याचा चुना वारा खाऊन पुन्हा चुनखडी झाला होता. फेस ही मेल्याची खूण.

पागेदारांच्या अंगणात मी दोन मातीचे वाडगे भरले. तीच पूड, तोच खार. एकात शेठचा चुना, दुसऱ्यात माझा. आळायला वेळ दिला, मग पाण्यात बुडवून ठेवले. सगळ्या आळीसमोर बाहेर काढले तेव्हा शेठच्या वाडग्यातून आमटी ओघळली. माझा मी फरशीवर आपटला. वाडगा फुटला, आतला गोळा नाही.

पागेदारांनी गोळ्यावर काठी ठोकून पाहिली. "मिस्त्री, उद्यापासून लागा," एवढेच म्हणाले. त्या टाक्यातून आजवर थेंब झिरपला नाही.

शेठ अजून गिऱ्हाइकांना फेस दाखवतो. दाखवो. पण माझ्या खाराला ज्या ओट्यावर बसून बोल लावला, त्याच ओट्यावर बसून, आळीला ऐकू जाईल असा तो त्याने मागे घ्यावा. ओटा तिथेच आहे. कधी येता, शेठ?