सामानावर : सुधा

नानाकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिल्ली मेट्रोत होते. त्यांचा मुलगा, नितीनदादा, रडत रडत एवढंच म्हणाला, "बाबा गेले यार..." मला वाईट वाटलं, ते खोटं नाही. पण द्वारकेला घरी पोहोचेपर्यंत त्या वाईट वाटण्याखालून दुसरंच काहीतरी वर आलं, आणि गेले पाच आठवडे ते खाली जायला तयार नाही. सूड म्हणा हवं तर. मला त्याची लाज वाटत नाही.

नानाकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात आयुष्य काढलेले. सरोजिनीनगरच्या क्वार्टर्समध्ये आमची दोन्ही कुटुंबं समोरासमोर राहायची. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली, की सगळ्यांना दिल्लीच्या उकाड्यातून पाण्याकाठी न्यायचं वेड त्यांचंच. कधी बडखल तलाव, कधी दमदमा आणि मे महिन्यात हमखास गढगंगा, म्हणजे गढचा गंगाकाठ. एक जुनी फौजी रावटी त्यांनी कुठूनशी मिळवली होती. गंगेच्या वाळूत ती उभी राहिली, की शेजारच्या वाडीतून वेलीवरून नुकतीच तोडलेली खरबुजं यायची... ते सुख काकांनी दिलं, हे मान्य करून टाकते. पुढे मान्य करण्यासारखं फार काही नाही.

सहलीच्या आदल्या दिवशी काका ऑफिसातून कामवाटपाचा कागद टाइप करून आणायचे, कार्बन लावून, दोन्ही घरांना एकेक प्रत. तंबू, चूल, पिण्याचं पाणी, मुलं, प्रत्येकापुढे एक नाव. शेवटची ओळ कधीच बदलली नाही. 'सामानावर : सुधा'. सुधा म्हणजे माझी आई, घरातली धाकटी सून. सगळे पाण्यात डुंबायचे आणि ती काठावर घड्याळं, चष्मे, चपला राखत बसायची. तिचं माहेर कृष्णाकाठचं. सहाव्या वर्षी पाठीला भोपळा बांधून ती पोहायला शिकली होती आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काकांना स्वतःला पोहता येत नव्हतं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ते बाकीच्यांना सूचना द्यायचे. पोहणारी काठावर आणि न पोहणारा पाण्यात, असा तो कारभार.

मी नऊ वर्षांची असताना गढला व्हायचं ते झालं. बाबा बाकी मंडळींना घेऊन नावेतून फिरायला गेले होते, काकू रावटीमागे चुलीपाशी होती. काकांचा पाय पाण्याखालच्या वाळूवरून सटकला आणि ते धारेला लागले. ओरडलेही नाहीत, नुसता हात दिसला. आई उठली, पदर खोचला आणि नेसत्या साडीनिशी पाण्यात शिरली. सपासप हात मारत गेली, काकांचे केस धरले आणि त्यांना काठाकडे ओढू लागली. एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग नाव परत येताना दिसली, म्हणून बाबांना हाका मारत पळाले. सगळे जमले तेव्हा दोघं वाळूत धापा टाकत बसले होते. काका आधी बोलले. "सुधा बुडत होती. वाचवलं मी."

आई पदर पिळत बसली. थोरल्या दिराला चारचौघांत खोटं पाडायचं नसतं, हे तिच्या अंगात मुरलेलं. मी तोंड उघडलं, तर बाबांनीच दटावलं, "तू घाबरली आहेस, उगाच काही बोलू नकोस." त्यानंतर दर गणपतीत, दर लग्नात काकांनी तो किस्सा रंगवून सांगितला. आईच्या न मारलेल्या किंकाळ्यांची नक्कल करायचे. लोक हसून हसून बेजार व्हायचे आणि आई त्याच लोकांना वाढत असायची. 'सुधाला पाण्याची भीती' हे घरात इतकं पक्कं झालं, की तिला पुन्हा कोणी पाण्यापाशी जाऊच दिलं नाही.

कोपर्निकस मार्गावरच्या शोकसभेत नितीनदादाने बापाचं शौर्य म्हणून तोच किस्सा सांगितला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आई पहिल्या रांगेत बसलेली. मागच्या बायका माना उंचावून तिच्याकडे पाहत होत्या, जणू ती घेत असलेला श्वाससुद्धा काकांची मेहरबानी. दुसऱ्या दिवशी दादाचा फोन. "तू लिहितेस त्या पेपरच्या पुरवणीत बाबांवर लिही ना. गढचा किस्सा तर बिल्कुल पाहिजे."

"अच्छा, लिहिते," म्हटलं. तर नितीनदादा, हा घे.

पाठवण्याआधी हे सगळं आईला वाचून दाखवलं. मला वाटलं, म्हणेल, गेलेल्या माणसाबद्दल कशाला... ती खिडकीत मटार सोलत बसली होती. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एक राहिलं."

"काय?"

"गळ्याएवढ्या पाण्यात आलो, नानांचे पाय टेकले, तेव्हा त्यांना बोलता आलं. म्हणाले, 'सुधा, मी तुला वाचवलं असं सांगायचं.'" तिचे हात थांबले नव्हते. "मग मी त्यांना परत पाण्याखाली दाबलं. सावकाश तीनपर्यंत मोजलं आणि सोडलं. तेही लिही."