फोटोच्या आड आलेली बेरिल

नॉर्मन प्लॅटच्या घरात चाळीस वर्षं ‘ती’ म्हणजे इंजिन. ‘ती उद्या डर्बीवरून जाणार आहे’, ‘तिचा बॉयलर गेला म्हणे’, ‘तिला काय सुरेख रंग दिलाय’. लग्नानंतर पहिले काही दिवस ही ‘ती’ कोण, या विचाराने बेरिलची झोप उडाली होती. मग उलगडा झाला. त्यापेक्षा सवत परवडली असती, असं तिला पुढे कितीदा तरी वाटून गेलं.

बेरिल लेस्टरच्या एका शाळेत दुपारचं जेवण वाढायची. कणखर हाडाची, गुडघ्यांनी दगा दिलेली, डोक्यावर जाळी बांधलेली बाई. मटारचे दाणे एकमेकांवर उडवणारी अख्खी शाळा तिच्या एका ‘नाही’वर चिडीचूप व्हायची. हे ‘नाही’ तिने घरी मात्र कधी वापरलं नाही. का वापरलं नाही ते तिलाच ठाऊक. मला विचाराल तर ते फार आधी वापरायला हवं होतं.

दर रविवारी नॉर्मन कुठल्या तरी रुळांकडेच्या कुंपणाशी कॅमेरा लावून उभा, आणि बेरिल मोटारीपाशी घडीच्या खुर्चीत. मांडीवर विणकाम, पायाशी चहाचा थर्मास, डब्यात अंड्याचे सँडविच. कंटाळून ती जरा पुढे गेली की कुंपणावरून आवाज यायचा, “बेरिल, जरा बाजूला हो ना.” माणूस वाईट नव्हता हो. सकाळचा चहा तो स्वतः करून तिच्या उशाशी ठेवायचा. पण इंजिनांचे फोटो काढणाऱ्या या कुंपणवाल्यांचं शास्त्रच वेगळं. फोटोत इंजिन पुरतं हवं, नंबर वाचता यायला हवा, चाकांना जोडणारा दांडा खालच्या अंगाला हवा, आणि माणूस नको. माणूस आला की फोटो बाटला.

लग्नाला चाळीस वर्षं होणार म्हणून मुलीने, पॉलीनने, जवळच्या एका क्लबच्या हॉलमध्ये पार्टी ठरवली. केकच्या वर आईबाबांचा मोठा फोटो लावायची तिची हौस. त्यासाठी ती बापाच्या रंगीत स्लाइडचे खोके उघडून सबंध संध्याकाळ पडद्यावर बघत बसली. इंजिन, इंजिन, पुन्हा इंजिन. शेवटी एका चित्राच्या कडेला एक कोपर आणि थर्मासचं झाकण दिसलं.

“आई, हा तुझा कोपर ना गं?”

“अगं, ती स्लाइड बिघडलेली आहे,” नॉर्मन म्हणाला. “टाकायची राहून गेली.”

स्वयंपाकघरात जाऊन बेरिलने धुतलेले कप पुन्हा धुतले.

त्याच आठवड्यात थॉर्नकोटच्या रेल्वे म्युझियममध्ये एक पाहुणं इंजिन आलं. हिरवंगार, तांब्याची कड असलेलं, डेव्हनहून लॉरीवर चढवून फक्त रविवारपुरतं आणलेलं. नॉर्मनने ते पोरवयात समुद्रकाठच्या स्टेशनात पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्याचा जीव तिथे अडकला होता. रविवारी सकाळी तो मोटारीशी येऊन उभा राहिला, तर बेरिल टपालपेटीसारखा लालभडक कोट घालून बसलेली. विणकाम घरीच.

“हा कोट कशाला? उठून दिसतो,” नॉर्मन म्हणाला.

“म्हणूनच.”

म्युझियमची लाइन ती केवढीशी. शेडपासून पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं, दिवसभर. बेरिलने सबंध दिवसाचं तिकीट काढलं, तेव्हा नॉर्मन खरोखरच गोंधळला.

“गाडीत बसायचंय? अगं, गाडीत बसलं की गाडी दिसत नाही.”

“तू दिसशील ना,” बेरिल म्हणाली आणि चढली.

पहिल्याच फेरीला गाडी कुंपणासमोरून गेली, तेव्हा इंजिनाला लागून असलेल्या डब्याच्या खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर आलेली एक लाल बाई दोन्ही हात हलवत होती. चहूकडे कॅमेरे खटखटले आणि पाठोपाठ शिव्या ऐकू आल्या. डेसमंड टक नावाचा गृहस्थ ॲल्युमिनियमच्या शिडीवर चढून फोटो काढायचा, त्यामुळे तो आपल्याला कुंपणवाल्यांचा पुढारी समजे. त्याने शिडीवरूनच विचारलं, “कुणाची रे ही बाई?”

नॉर्मन भिंगं पुसत राहिला.

दुसऱ्या फेरीला तेच. तिसऱ्या फेरीला बेरिलने रुमालही फडकवला. वारा तोंडावर, डोळ्यात कोळशाचे कण, शिट्टीने कान बधिर. आणि मजा काय विचारता! चाळीस वर्षं ही मजा कुंपणापलीकडे चालली होती आणि आपण विणत बसलो, याचा तिला इतका संताप आला की ती आणखीच बाहेर वाकली.

जेवणाच्या सुट्टीत नॉर्मन फलाटावर आला. कानाच्या पाळ्या लाल.

“बेरिल, लोक मला बोलताहेत.”

“काय बोलताहेत?”

“की बायकोला आवर.”

“मग आवर की. मला फोटो हवाय. तिच्याबरोबर माझा, तू काढलेला. पार्टीत तो लागेल, नाहीतर कोपर लागेल. पॉलीनला मी सांगून ठेवलंय.”

“रोल संपत आलाय गं. एकच फोटो उरलाय. तीन वाजता ऊन तिच्या अंगावर येतं, तेव्हा म्युझियमवाले तिला कुंपणासमोर उभी करणार आहेत. त्याच्यासाठी राखलाय.”

“तीन वाजता,” बेरिल म्हणाली. “बरं.”

त्या ‘बरं’मध्ये काय होतं ते नॉर्मनला कळलं नाही. शाळेतल्या पोरांना कळलं असतं.

तीनच्या सुमारास ती सरळ इंजिनाशी गेली आणि वर येऊ का म्हणून विचारलं. भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनने हात दिला, गुडघ्यांनी कुरकुर केली, आणि बेरिल ड्रायव्हरच्या शेजारी उभी राहिली. भट्टीचं दार उघडलं तशी शाळेतल्या भल्यामोठ्या ओव्हनची आठवण येऊन तिने सवयीने हात मागे घेतला. मग इंजिनाने अंग हलवलं. पायांखालची पत्र्याची जमीन थरथरली, आणि तिला हसू आवरेना.

इंजिन कुंपणासमोर थांबलं. दांडा खाली, ऊन बरोब्बर, वाफ पांढरी. आणि बाजूच्या उघड्या जागेतून बाहेर वाकलेला लाल कोट.

“बाई, तेवढं उतरता का खाली?” शिडीवरून डेसमंड.

“तिकीट आहे त्यांच्याकडे,” ड्रायव्हर म्हणाला आणि रुमालाने कपाळ पुसू लागला.

“प्लॅट, अरे सांग ना तिला.”

सगळे कुंपणवाले नॉर्मनकडे वळले. आणि त्याच्या तोंडून, मुद्दाम नव्हे, सवयीने निघालं, “बेरिल, जरा बाजूला हो ना.”

“नाही.”

शाळेतलंच ‘नाही’ ते. शिडी हलायची थांबली. मागे कुणाचा तरी कुत्रा खाली बसला.

“चाळीस वर्षं बाजूला होतेय, नॉर्मन. आता बाजू संपली.”

नॉर्मनने कॅमेऱ्याला डोळा लावला. इंजिन धुराड्यापासून टोकापर्यंत मावत होतं. नंबर स्पष्ट होता. बेरिल म्हणजे एक लाल ठिपका. त्याने डोळा काढला, पुन्हा लावला. मग कॅमेरा स्टँडवरून सोडवून गळ्यात अडकवला आणि कुंपणाचं फाटक उघडून सगळ्यांच्या कॅमेऱ्यांसमोरून चालत पुढे गेला. कुंपणवाल्यांत याहून मोठं पाप नाही.

“ए, प्लॅट! जरा बाजूला हो!”

हे वाक्य नॉर्मनने आयुष्यात कितीदा उच्चारलं असेल, पण पाठीवर पहिल्यांदाच झेललं. त्याची मान आखडली. तो थांबला, पण मागे वळला नाही. इंजिनाच्या इतका जवळ गेला की त्याच्या चष्म्यावर वाफ धरली.

“धुराडं येतंय का?” बेरिलने वरून विचारलं.

“नाही.”

“नंबर?”

“नाही.”

“मग काढ.”

शनिवारी तो फोटो केकच्या वर लागला. उडालेले केस, गालावर काजळी, दात दाखवून हसणारी बेरिल, आणि मागे कसलंसं हिरवं. डेसमंड टकही पार्टीला आला होता, कारण जेवणात हॅम होतं. त्याने हातात बशी घेऊन तो फोटो खालून वर, वरून खाली बराच वेळ निरखला.

“नंबर नाही, काही नाही,” तो म्हणाला. “प्लॅट, ही कुठली रे?”

नॉर्मनने तोंडातला घास गिळला.

“ती बेरिल आहे,” तो म्हणाला.