कापड्याच्या बाईंचे अकरा तास

माणूस बोलायला कधी लागला आणि कधी थांबला, एवढंच जगात खात्रीने सांगता येतं, बाकी सगळं ऐकीव, असं आमच्या साडूंचं ठाम मत होतं. आणि हे मत इतक्या निष्ठेने पाळणारा दुसरा माणूस महाडमध्ये झाला नाही. इथल्याच एका कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं टाइमकीपरची नोकरी केली. कामगार फाटकातून आत कधी आले आणि बाहेर कधी गेले हे लिहिता लिहिता ती सवय त्यांच्या अंगात मुरली. त्यांच्या सासूबाईंचा, म्हणजे माझ्याही सासूबाईंचा, फोन आला की हे शेजारी घड्याळ धरून बसत. आमच्या शाळेत एकदा पुण्याचे व्याख्याते आले होते. चहाच्या वेळी साडू त्यांच्यासमोरच मला म्हणाले, "मास्तर, एक तास बावीस मिनिटं झाली. त्यातली विषयावर एकोणीस." यात टीका अजिबात नव्हती. त्यांना ती माहिती वाटायची. पाहुण्यांनी मात्र चहा तसाच ठेवला.

कारखाना सोडल्यावर त्यांनी एसटी स्टँडजवळ एक गाळा घेऊन इंटरनेटवरून परदेशी फोन लावून द्यायचा धंदा सुरू केला. तेव्हा ते नवीनच निघालं होतं. तीन कॉम्प्युटर, तीन हेडफोन, आणि नंबर जोडून देणारी मुंबईची एक कंपनी. कोण किती वेळ बोललं याची नोंद कंपनीच्या कॉम्प्युटरवर आपोआप होई, दुकानदाराने काही लिहायची गरज नव्हती. साडू तरीही लिहीत. पलीकडून 'हॅलो' आलं की वेळ टिपायची, दर अर्ध्या मिनिटाला एक बारीक रेघ मारायची, आणि बोलणं थांबलं की शेवटच्या रेघेपुढचे सेकंद लिहायचे. वीज गेली तर तेही. वही बघून लोक हसायचे. चहावाल्याने विचारलं, "भाऊ, मशीन लिहितंय ना? मग तुम्ही कशाला?" साडू म्हणाले, "मशीनला जे कळतं तेच ते लिहितं. कळलं नाही तर?"

हे 'कळलं नाही तर' एका पावसाळ्यात खरं झालं. पोलादपूरजवळच्या कापडे गावची एक बाई दर आठवड्याला त्यांच्याकडे येत असे. तिचा मुलगा मस्कतला होता. एके दिवशी सकाळी दहाला ती बोलायला बसली आणि बोलणं चालू असतानाच लाइन तुटली. कंपनीच्या हिशोबात मात्र तो फोन रात्री नऊपर्यंत चालू राहिला. साडू गाळा आठला बंद करत, म्हणजे कंपनीच्या मते कुलूप लागल्यावरही बाई आत बसून बोलतच होती. अकरा तासांची रक्कम साडूंच्या कंपनीकडच्या ठेवीतून कापली गेली आणि 'ग्राहकाकडून वसूल करावी' असं पत्र आलं. साडूंनी ते कुणाला दाखवलं नाही, पण चहावाल्याने वाचलं होतं. त्याने गंमत म्हणून पोलादपूरच्या गाडीत दोघाचौघांना सांगितलं आणि गंमत कापड्याला पोचली. बाईचं येणं बंद झालं.

दोन आठवडे वाट पाहून साडू वही पिशवीत घालून मुंबईला निघाले. बायकोच्या बहिणीने डोळे वटारल्यामुळे मीही सोबत गेलो. कंपनीत एक तरुण इंजिनियर मुलगी भेटली. ती नम्रपणे म्हणाली, "काका, कॉम्प्युटर चुकत नाही हो."

"चुकला म्हणत नाही मी," साडू म्हणाले. "फोन संपला हा निरोप त्याला मिळालाच नाही. लाइनच गेली, तर निरोप जाणार कुठून? फाटकावरचा माणूस जेवायला गेला म्हणून कामगार रात्रभर कारखान्यात होता असं धरायचं का?"

मग त्यांनी वही उघडून कंपनीच्या बिलाशेजारी ठेवली. एक फोन कंपनीच्या हिशोबात दोनदा धरला होता. पोच मिळाली नाही म्हणून गाळ्यातल्या कॉम्प्युटरने तोच निरोप पुन्हा पाठवला होता. मुलीने ते तपासलं, बरोबर निघालं. साडूंनी पान उलटलं. "आणि हे सात फोन तुमच्या हिशोबात आलेलेच नाहीत. यांचे पैसे मी तुम्हाला द्यायचे राहिलेत."

मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. ते मला म्हणाले, "मास्तर, पाय काढा."

त्या सात फोनांनी काम केलं. मुलगी आतून साहेबांना घेऊन आली, वहीच्या झेरॉक्स निघाल्या आणि कापलेली रक्कम परत जमा झाली. पुढे कंपनीने दर अर्ध्या मिनिटाला 'चालू आहे' असा निरोप घ्यायला सुरुवात केली, आणि तो थांबला की फोन तिथेच संपला असं धरलं जाऊ लागलं. एकच फोन दोनदा धरला जाऊ नये म्हणून प्रत्येक फोनला वेगळा क्रमांकही मिळाला. मी अभिनंदन केलं तर साडू म्हणाले, "यात काय? फाटकावर आम्ही हेच करायचो."

दुसऱ्याच दिवशी ते मला घेऊन कापड्याला गेले. बाई घरापुढच्या खळ्यात उभी होती. आम्हाला पाहून घाबरली. "भाऊ, येवडी नाय बोलले मी. देवाशपथ नाय. पोरगा 'बरा हाय' बोलला, न् आवाजच गेला."

साडूंनी पायरीवर बसून वही उघडली, बोटाने ओळ दाखवली आणि मोठ्याने वाचलं, "चार मिनिटं वीस सेकंद. कंपनीने मान्य केलं. तुमच्याकडे कुणाचं काही नाही."

बाईने त्या रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "चारच काय?"

साडूंनी वही मिटून पिशवीत घातली. परतीच्या गाडीत पोलादपूर आल्यावर म्हणाले, "वेळ बरोबर होता, मास्तर."

बाई पुन्हा येऊ लागली. तीन-चार वर्षांनी मोबाइल स्वस्त झाले, साडूंच्या हेडफोनांवर धूळ बसू लागली. एके दिवशी ती मुलाने पाठवलेला मोबाइल घेऊन आली, खास दाखवायला. साडूंनी त्यात मुलाचा नंबर भरून दिला, हिरवं बटण कोणतं ते सांगितलं. तिने विचारलं, "ह्यात लिवतो कोन?"

"कुणी नाही. आपोआप होतं."

"न् चुकला तं?"

"तर माझ्याकडे या."

त्यानंतर वर्षभर त्यांनी गाळा उघडा ठेवला. गिऱ्हाईक नव्हतंच. दहाला ते येऊन बसत, नवीन वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालत आणि रस्त्याकडे तोंड करून पेपर वाचत. पोलादपूरची गाडी लागली की मान वर होई. मोबाइल काही चुकला नाही. बाई आली नाही.