डॉक्टर काय म्हणाले

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही. देवापुढं हात जोडतानाही नाही — तिथंसुद्धा मी दुसरंच काहीतरी पुटपुटून परत येते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि आधीच सांगते, मला समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका. समजून घेणारी माणसं माझ्या वाट्याला फार आली.

घरी मी नवऱ्याला ‘अहो’ म्हणते. इथं ‘तो’ म्हणणार आहे.

मी कळमनुरीची, नर्सिंग शिकलेली. तो सेनगावकडचा — मेंढ्या-शेळ्या पाळणारं घर, थोडी शेती. लग्नानंतर पाळणा हलला नाही आणि सासूनं तोंड सोडलं. डोहाळजेवणात मला मागं बसवायची, बारशाला घरीच ठेवायची. ‘वांझोटीची नजर वाईट,’ हे ती मी ताटात भाकरी वाढत असताना बोलायची. आणि तो? तो भाकरी कुस्करायचा. खाली मान घालून, कालवणात, अगदी बारीक. सासूचा आला नसेल एवढा राग मला त्या कुस्करण्याचा आला. एक शब्द — एक शब्द बोलायला काय लागतं माणसाला?

पुढं ओळखीतून मला परदेशात काम मिळालं. ग्रीसमध्ये, थेस्सलोनिकी नावाच्या समुद्राकाठच्या शहरात, एका म्हाताऱ्या बाईची सेवा करायची. त्या घरच्यांच्या मेंढ्या शहराबाहेर होत्या, म्हणून त्यालाही बोलावून घेतलं. मेंढरांना कुठं भाषा लागते? त्याचं भागून गेलं. माझं भागेना. मग म्हातारीच्या लेकीनं माझ्या एकटीसाठी शिकवणी लावून दिली.

शिकवणाऱ्या एलेनीबाई. त्यांच्या गॅलरीतून खाली समुद्र दिसायचा. पुस्तक त्यांनी पहिल्याच दिवशी मिटून ठेवलं. तुला जे बोलावं लागतं तेच शिकवते, म्हणाल्या. अंगाचं माप घेऊन पोलकं शिवावं तशी भाषा — कुठं दुखतंय, गोळी घ्या, कुशीवर व्हा. तिकडं ‘हो’ला ‘ने’ म्हणतात. आपल्या ‘न्हाई’च्या इतकं जवळचं, की सुरुवातीला म्हातारी हो म्हणायची आणि मी तिच्यापुढून ताट उचलायचे! एलेनीबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या होत्या. मी त्या शहरात सुखात होते, खोटं कशाला बोलू. तिथं मला कुणी मागं बसवत नव्हतं.

मग मीच त्यांना म्हटलं, मला डॉक्टरकडचं ग्रीक शिकवा. बायकांच्या डॉक्टरकडचं. त्या लगेच समजल्या. नळी, बीज, तपासणी — चित्रं काढून शिकवलं. गर्भाशयाला ग्रीकमध्ये ‘मित्रा’ म्हणतात. आमच्या भाषेत ही दोस्ताला मारलेली हाक, असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी माझा हात दाबला. चांगली बाई. आपण कशाला हातभार लावतोय, हे तिला काय ठाऊक?

आता — इथं थांबावंसं वाटतंय. पण थांबून काय करू?

दोघांच्या तपासण्या झाल्या. निकाल ऐकायला दोघांना बोलावलं. डॉक्टर म्हातारे, पांढऱ्या मिशांचे. माझ्याकडं बघून सावकाश बोलले. मला सगळं कळलं, शब्दन् शब्द. ‘मला नीट कळलं नव्हतं’ असं म्हणायची सोय एलेनीबाईंनी ठेवलीच नव्हती. तुमच्या नवऱ्यात काही दोष नाही. नळ्या तुमच्या बंद आहेत. ऑपरेशन करू, आशा चांगली आहे. एवढं बोलून ते हसले आणि त्याचा खांदा थोपटला.

"काय म्हणून राहिले?" त्यानं विचारलं.

सासू खरी निघाली होती. लक्षात येतंय का तुमच्या? ती बाई खरी निघाली होती! हे घेऊन मी त्या घरात परत जाऊ? पुन्हा ताट वाढू? पुन्हा ते कुस्करणं बघू? माझ्या तोंडून निघून गेलं — नाही. निघून गेलं नाही. मी बोलले. विचार करून बोलले.

"दोष तुमच्यात हाय म्हणतेत. इलाज न्हाई म्हणतेत."

खांद्यावरचा तो हात त्याला कीव वाटला. तो त्या हाताकडं बघत राहिला. मग म्हणाला, "अन् तुझ्यात?"

"कायबी न्हाई."

"बरं झालं," तो म्हणाला. "आईनं तुला उगंच तकलीफ दिली."

तुम्हाला वाटेल, इथं मी विरघळले असेन. उलट पेटले. उगंच होती हे आत्ता कळलं? तेव्हा तोंड काहून उघडलं न्हाई? ऑपरेशन कधी करायचं, असं डॉक्टर मला विचारत होते. कळवते, असं मी म्हटलं. कळवलं नाही. त्या घडीला मला मूल नको होतं. मला त्याची मान खाली गेलेली बघायची होती — भाकरीसाठी नाही, माझ्यापुढं.

त्याच्या खिशात फोन होता. फोनवर कुठलीही भाषा उलगडता येते. त्यानं कधी उलगडून बघितली नाही. त्याला बायको होती ना.

ती म्हातारी वारली आणि आम्ही गावी परतलो. धाकट्या दिराच्या लेकराचं जावळ होतं. लेकरू रडायला लागलं म्हणून मी उचललं, तर सासूनं भरल्या मांडवात माझ्या हातातून ओढून घेतलं. तेव्हा तो बोलला. ज्या एका शब्दासाठी मी सारी वर्षं जळत होते, तो त्या दिवशी बोलला.

"तिला कायबी बोलू नको, आई. खोट माझ्यात हाय. तिकडल्या डॉक्टरनं बराबर सांगितलंय."

मग मागं कुणीतरी फिसकन हसलं. मला तेव्हा तोंड उघडता आलं असतं. दोन वाक्यं, तीही मराठीत. मी पदर सारखा केला आणि खाली बघितलं. सासूनं आपल्या हातानं माझी ओटी भरली, माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. मी ओटी घेतली.

त्या दिवसापासून गावातली माणसं त्याला पाठीमागं एका नावानं हाक मारतात. ते नाव मी इथं लिहीत नाही. तो लग्नाकार्यात जात नाही. मेंढरं घेऊन लांबच्या माळावर जातो आणि तिथंच भाकरी खातो. एकदा म्हणाला, तुला दुसरं घर करायचं आसंल तर कर, मी आडवा येणार न्हाई. मी गेले नाही, म्हणून गावानं मला देवी करून टाकलं. नव्या सुनांना माझा दाखला देतात. बघा, नवरा असा, पण कशी ऱ्हायली. सासू मरताना माझा हात धरून रडली, माफी मागितली. मी दिली.

आता माझं वय निघून गेलं. मूल झालंच असतं का? डॉक्टर आशा म्हणाले होते. ती आशा त्याचीही होती, तीही मी त्याला सांगितली नाही.

अधूनमधून अंगणात बाज टाकून बसला की तो म्हणतो, "तुझ्या जिनगानीची मी माती केली बघ."

मी म्हणते, "आसू द्या. माझ्या मनात काय न्हाई."

मी त्याला माफ करते. दर वेळी.