शोकनायिकांना ‘बिचारी’ न म्हणणाऱ्या मालतीबाई

मालतीबाईंची आणि माझी ओळख जळगावच्या महाविद्यालयात, एम.ए.च्या वर्गात झाली, आणि तीही माझ्या फजितीने. अभिजात कादंबऱ्यांतल्या शोकनायिकांवर मी निबंध वाचला. त्यात ‘बिचारी’ हा शब्द अकरा वेळा आला होता. बाईंनी तो मोजला होता!

“अगं, घर सोडलं त्या नायिकेने, चारचौघांशी वैर घेतलं तिने, आणि तू एका ‘बिचारी’त सगळं पुसून टाकलंस? शेवट तिच्या हातात नसेल. निवड तिची होती.”

वर्ग हसला. मीही हसले. अस्तित्ववाद बाई असा शिकवीत. शोकनायिकांवरचे त्यांचे लेखन अभ्यासक आजही आवर्जून वाचतात; मला मात्र त्या विचाराची प्रचिती आमच्या ओसरीवर आली.

पहिले वर्ष संपता संपता मला चाळीसगावचे स्थळ आले. मला शिकायचे होते, पण माझ्या वडिलांना, आबांना, सांगायचे धाडस नव्हते. मी बाईंना गळ घातली. त्या एसटीने एरंडोलजवळच्या आमच्या गावी आल्या.

“मॅडम, तुम्हीच सांगा, काय करानं?” आबांनी विचारले.

“मी तिच्या वतीने बोलणार नाही. तिलाच विचारा,” बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “बोल. पण ठरवशील ते तुझं. उद्या माझ्यावर ढकलायचं नाही.”

मला त्यांचा रागच आला. तरी बोलले, “आबा, माले शिकनं शे. त्या स्थळले नही सांगा.”

आबा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “आज पहिल्यांदा तोंड उघाडं तू. शिक.”

आईला हुंदका आवरेना. बाईंनी तिच्या हातची कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी मागून घेतली, मिटक्या मारत खाल्ली आणि दोन बांधूनही नेल्या.

आज मी शिरपूरला शिकवते. निवृत्त झालेल्या बाईंनी नुकतीच पंचाहत्तरी गाठली, तरी त्या दर शनिवारी गृहिणींचे वाचनमंडळ चालवतात. परवा त्यांचा फोन आला: “शोकनायिका पुष्कळ झाल्या. आता विनोदी कादंबरी घेऊ. बायका हसायचं कधी ठरवतात, तेही बघायला हवं ना!”

बाई, पंचाहत्तरीनंतरच्या या नव्या अभ्यासाला भरपूर वर्षे, ठणठणीत प्रकृती आणि खळखळून हसणाऱ्या वाचक मैत्रिणी आपल्याला लाभोत. पुस्तक तेवढे लवकर ठरवा. आम्ही सगळ्या जुन्या विद्यार्थिनी येतो आहोत.