रुफिनाच्या नातीची खळी

गालावर खळी असली की लोक कौतुक करतात. रुफिनाच्या नातीला ती होती कमरेखाली, माकडहाडाच्या जरा वर, आणि कुणाच्या बापाला न भिणारी माझी ही शेजारीण पार गळाठून गेली.

ह्वामांत्लाच्या बाजारात मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या तमाली विकणारी बाई, गिऱ्हाइकाशी भांडायला सदा तयार. पण बाळाला पालथं घालून न्हाऊ घालताना ती खळी दिसली, तशी ओल्या हातांनीच माझ्याकडे धावत आली.

"तोमासा, ग्रहणाने चावा घेतला गं पोरीचा! ही आता चालायची नाही."

धसक्याचं कारण तिलाच ठाऊक होतं. आमच्या मेक्सिकोत ग्रहणाने पोटातल्या बाळाला चावू नये म्हणून गरोदर बाई पोटावर सेफ्टीपिन लावते. नेमकं ग्रहणाच्या दिवशी बाजाराला निघताना रुफिनाच्या एप्रनचा बंद तुटला. तिने सुनेची पिन मागून घेतली आणि परत द्यायचं विसरली. सून चायो त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती, म्हणून रुफिना जास्तच घाबरली होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी टॉर्च लावून पाहिलं. "उथळ आहे. पुष्कळ बाळांना असते. पाय बघा कसे झाडतेय!"

बाहेर येऊन रुफिना कुजबुजली, "कालच्या पोरीला ग्रहणातलं काय कळतंय?"

मग ती दिवसभर बाळाच्या तळव्यांना गुदगुल्या करत बसायची. पाय हलला नाही की हिच्या तोंडचं पाणी पळायचं. मला तिचा रागही यायचा आणि कीवही.

बाळंतिणीला वाफ द्यायचा दिवस आला. आमच्या बुटक्या मातीच्या तेमास्कालमध्ये, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, आम्ही तिघी उघड्या बसलो. चायो पानांच्या जुडीने सासूची पाठ चोळत होती. चोळता चोळता थांबली.

"आई, तुम्हालाही आहे."

"काय आहे?"

"खळी. तिथेच. माझं बोट जातंय."

"म्हातारीची चेष्टा करतेस होय गं?"

मी हात लावून पाहिलं. खरंच होती. जन्मभर डोंगरावरून सरपणाचे भारे आणणाऱ्या या बाईला, तस्सीच.

"ग्रहण कसलं? तुम्हीच दिलीत तिला," चायो हसत म्हणाली. मीही हसले. रुफिना मात्र हसेना.

"माझी आई," ती म्हणाली, "मी लग्न होऊन जाईपर्यंत माझ्या मागून चालायची. सारखी पायांकडे बघत. मला वाटायचं, पाळत ठेवते. एकदा मी तिला दगड मारला गं."