मशिनीत अडकलेला युनिफॉर्म

आमचं वॉशिंग मशीन बंद पडलं ते पोटात यांचा युनिफॉर्म घेऊन. धुणं अर्धवट, आत गढूळ पाणी, आणि दार लॉक. काचेतून निळी बाही दिसत होती. पाणी बाहेर टाकायची वेळ आली की मशीन घूं-घूं करायचं, दमायचं आणि लाल दिवा लावून गप्प बसायचं.

दुसरा कुठला शर्ट असता तर मी एवढी घाबरले नसते. पण त्या दिवसांत त्या युनिफॉर्मला आमच्या घरात देवाच्या बरोबरीचा मान होता. हे चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. लग्न करून लातूरकडून इकडं रहाटणीत आलो तेव्हापासून तीच कंपनी. गणपती उठले आणि यांच्या सगळ्या लाइनला 'ब्रेक' मिळाला, म्हणजे बोलावू तेव्हा या, तोवर घरी बसा. असल्या ब्रेकचा अर्थ चाळीतल्या शेंबड्या पोरालाही कळतो, पण यांनी ठरवलं होतं की परत बोलावणार. म्हणून अंगाला न लागलेला युनिफॉर्म दर रविवारी धुवायचा, इस्त्री करायची आणि दारामागं खुंटीला लावायचा. माझ्या भावानं मारुंजीच्या एका सोसायटीत पंप आणि मोटारी बघायचं काम आणलं होतं. "कंपनीतला माणूस आता सोसायटीचे पंप बघणार व्हय?" असं म्हणून यांनी त्याला चहासुद्धा धड पिऊ दिला नाही. जाताना भाऊ माझ्या कानात म्हणाला, "सोमवारपर्यंत थांबतील ते, ताई. नंतर दुसरा माणूस घेतील." मशीन बंद पडलं तो त्या सोमवारच्या आदल्या दिवशीचा रविवार.

घूं-घूं ऐकून खालून घरमालकीण वर आली. इथल्या जुन्या गावकीतली बाई, मनानं चांगली, तोंडानं मोकळी. "आवं, मिस्त्री बोलवा की. फोन क्येला का येतोय. उगं कशाला राबताय?"

"मिस्त्री?" हे एवढंच म्हणाले आणि पलंगाखालून हत्यारांची पिशवी ओढली. बाई खाली गेली.

आधी त्यांनी मशीन चालू केलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पत्र्याला टेकवलं आणि मूठ कानाला लावून डोळे मिटले. डॉक्टर छाती तपासतो तसं. "मोटर चांगलीय. पंप ओरडायलाय." मग बोर्डातून पिन काढली आणि तिला कंपनीतून आणलेलं लाल कार्ड बांधलं. 'काम चालू आहे, हात लावू नये.'

"घरात आपण दोघं," मी म्हणाले. "हात लावणार कोण?"

"पद्धत असती."

चिडवायला म्हणून बोलले, पण मला आतून बरं वाटत होतं. गणपतीनंतर पहिल्यांदाच त्या तोंडावर रंग आला होता. एरवी दिवसभर फोन उताणा ठेवून त्याच्याकडं बघत बसायचे. मला वाटलं, देवा, हे मशीन लवकर दुरुस्त होऊ नये.

खालच्या कोपऱ्यात एक छोटी झडप असते आणि तिच्यामागं बरणीसारखं फिरवायचं झाकण. ते त्यांनी जपून सैल केलं. मी परात लावली. कुबट वासाचं पाणी येत राहिलं, परात भरत राहिली. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात घाण पाणीसुद्धा फेकवत नाही. मी ते संडासातल्या बादलीत ओतत होते. शेवटी झाकण पूर्ण निघालं. आत दोऱ्यांचा गुंता, फुगलेले तांदूळ, काळ्या पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या, आणि मधोमध पूजेची बारकी सुपारी.

आम्ही दोघंही ती सुपारी बघत राहिलो. खंडेनवमीला कंपनीत मशिनींची पूजा असायची आणि लाइनची पूजा वर्षानुवर्षं हेच मांडायचे. यंदा तिथं जायचं नव्हतं, तर यांनी सकाळी अंघोळ करून घरचं वॉशिंग मशीन पुजलं. मी म्हटलं होतं, वरती पत्र्यावर हळदकुंकू लावा, झालं. पण नाही. विडा मशीन जिथं काम करतं तिथंच ठेवायचा, ही कंपनीची रीत. म्हणून पानं, सुपारी, अक्षता, झेंडू, सगळं आत ड्रममध्ये. दुसऱ्या दिवशी मी निर्माल्य काढलं तेव्हा सुपारी सापडली नाही. रबराच्या घडीतून आत उतरली असणार. मला वाटलं, गेली असेल कचऱ्यात.

कंपनीत यांना शिकवलं होतं की बिघाड सापडला म्हणून थांबायचं नाही. बोटं दुमडत पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्याला खरं कारण हाती लागतं. घरात दूध उतू गेलं तरी माझी अशी तपासणी व्हायची. एकदा मी लाटणं उगारून ती बंद पाडली होती. आता मात्र ते ओल्या फरशीवर बसून स्वतःशीच मोजायला लागले.

"पाणी का जाईना? पंप जाम. पंप का जाम? सुपारी. सुपारी ड्रममध्ये का? पूजा तिथं मांडली. पूजा घरी का मांडली? ब्रेक मिळाला. ब्रेक का?"

चार बोटं दुमडलेली, अंगठा तेवढा उभा. मी म्हणाले, "राहू द्या आता. सापडलं ना."

"दसऱ्याला गेटवर सोनं द्यायला गेलतो," ते म्हणाले. "वॉचमननं आत सोडलं. शेड रिकामं हाय. सगळी लाइन उचलून नेली. जमिनीत नुसते बोल्ट राहिलेत." आणि अंगठा दुमडला.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. दसऱ्यापासून ठाऊक होतं आणि तरी दर रविवारी युनिफॉर्म धुवायला टाकत होते. मी भांडकुदळ बाई. एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या वेळी मला फक्त रडू येत होतं, आणि ते दिसू नये म्हणून मी परात उचलून आत गेले.

परत आले तोवर त्यांनी झाकण बसवून, कार्ड सोडून पिन लावली होती. खट् करून दार उघडलं. मी युनिफॉर्म बाहेर काढला. त्याला साचलेल्या पाण्याचा वास येत होता.

"परत धुऊ का?"

"नको." त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, पिळला आणि फरशी पुसायला लागले. मशीनच्या पायांपासून उंबऱ्यापर्यंत, कोपरा न् कोपरा. काम झालं की जागा साफ करायची, हीही तिथलीच पद्धत. मग मोरीच्या दांडीवर, फडक्यांच्या शेजारी, त्यांनी तो वाळत टाकला.

"भावाला फोन कर," माझ्याकडं न बघता ते म्हणाले. "उद्या येतो म्हणून सांग. पंप बघतो सगळे. खंडेनवमीला त्यांची पूजा तेवढी दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा म्हणावं."